गावात होम सर्व्हर बांधतोय, त्यातच गेमिंगचं व्हीएम चालवायचंय: सल्ला हवा

काळीकसदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राहायला दारव्हा तालुक्यात, नोकरी पुण्याच्या कंपनीची, काम घरूनच. सध्या घरात सगळं विखुरलेलं आहे. लग्नाचे फोटो एका हार्डडिस्कवर, सातबारा-फेरफारचे स्कॅन वडिलांच्या मोबाईलमध्ये, गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तिसरीकडेच. हे एका जागी आणायचं आहे. शिवाय मला कामासाठी दिवसभर काही लिनक्स मशीन चालू लागतात, ती व्हर्च्युअल (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक, म्हणजे व्हीएम) असली तरी भागतं. आणि संध्याकाळी पुतण्याला गेम खेळायचे असतात.

एकच दणकट डबा बांधावा, त्यावर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी सिस्टीम) टाकावं, फाइलींसाठी झेडएफएस (फाइल सिस्टीम), माझी कामाची व्हीएम, आणि एक विंडोज ११ चं व्हीएम, ज्याला ग्राफिक्स कार्ड थेट जोडलेलं असेल, असं डोक्यात आहे. यादी अशी: रायझन ७ ५७००जी, बी५५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आरएक्स ६६०० कार्ड, १ टीबी एनव्हीएमई, ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तेच).

अडचणी आपल्याकडच्या. लाइन कधी जाईल याचा नेम नाही. मे महिन्यात दुपारी स्लॅबच्या खोलीत माणसाला बसवत नाही, तिथे मशीन कसं टिकणार? घरी १५० एएचची एक ट्यूब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर आहे, त्यावर पंखे आणि दिवे. यूट्यूबवरचे सगळे एसी खोलीत बसून बोलतात. आपल्या भागात कुणी असं मशीन बाराही महिने चालवत असेल तर सविस्तर लिहा.

झाडीपट्टी

पार्ट्सचं नंतर बघू. पुतण्या काय खेळतो ते आधी सांगा. व्हॅलोरंट असेल तर व्हीएमचा विषयच नाही, त्याचं व्हॅनगार्ड अँटी-चीट व्हीएममध्ये खेळू देत नाही. जीटीए ऑनलाइनलाही सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय लागलं आहे. व्हीएम लपवायच्या युक्त्या नेटवर मिळतात, पण त्या पायी पोराचं अकाउंट कायमचं बंद झालं तर विकत घेतलेले गेमही गेले. त्या वाटेला जाऊ नका.

काळीकसदार

जीटीए ५ ची स्टोरी, युरो ट्रक सिम्युलेटर २, फोर्झा होरायझन ५ आणि माइनक्राफ्ट. व्हॅलोरंट तो मित्राकडे खेळतो, घरी नसलं तरी चालेल म्हणाला.

झाडीपट्टी

मग जमतं. पण युरो ट्रक आणि माइनक्राफ्ट लिनक्सवर थेट चालतात. उरलेले दोन स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) चालतात, ते २०१८ पासून आहे आणि आता चांगलं पिकलंय. मग विंडोजचं व्हीएम काऊन पाहिजे? साधं डेबियन टाका, त्यावरच स्टीम, त्यावरच डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं). पासथ्रूची (कार्ड थेट व्हीएमला द्यायची) झंझटच नाही.

काळीकसदार

वेगळं ठेवायचं आहे म्हणून. पुतण्या गेमचे मोड (लोकांनी केलेले फेरबदल) मिळेल तिथून उतरवतो. ज्या मशीनवर जमिनीचे कागद आणि माझ्या कंपनीचं काम आहे, तिथे ते नकोत. व्हीएममध्ये काही बिघडलं तर जुन्या स्नॅपशॉटवर (साठवलेल्या स्थितीवर) परत जाता येईल.

सिताबर्डी_सीपीयू

कारण अगदी योग्य आहे, मी याच कारणासाठी व्हीएम वापरतो. एक लक्षात ठेवा: कार्ड जोडलेलं व्हीएम चालू असताना रॅमसकट स्नॅपशॉट घेता येत नाही. व्हीएम बंद करून डिस्कचा घ्यायचा. झेडएफएसवर ते क्षणात होतं.

आता बोर्ड. कार्ड कुठल्या आयओएमयू गटात (हार्डवेअरनं केलेली उपकरणांची वाटणी) पडतं यावर सगळं अवलंबून आहे, कारण एका गटातली उपकरणं सगळी मिळूनच व्हीएमला देता येतात. बी५५० वर प्रोसेसरला थेट जोडलेला वरचा लांब स्लॉट सहसा स्वतंत्र गटात असतो, तिथे कार्ड बसवा. खालचे स्लॉट, सॅटा, लॅन हे चिपसेटच्या मागे असतात आणि बहुधा एकाच गटात कोंबलेले असतात. म्हणजे उद्या दुसरं कार्ड घालून दोन पोरांना एकदम खेळवायचं म्हटलं तर या बोर्डावर ते सरळ होणार नाही. एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच गट फोडून दाखवतो, पण तो कर्नलला नुसतं सांगतो की ही उपकरणं वेगळी आहेत. हार्डवेअरमध्ये ती वेगळी होत नाहीत. तुम्हाला वेगळेपणासाठीच व्हीएम हवंय, तेव्हा हा पॅच तुमच्या कामाचा नाही.

प्रोसेसरबद्दल. ५७००जी मध्ये एल३ कॅशे १६ एमबी आहे, ५७००एक्स मध्ये ३२, त्यामुळे गेममध्ये एक्स पुढे राहतो. जी चा पीसीआयई पण ३.० च आहे. तरीही गावात मी जी च घेईन. त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर होस्टचा (मूळ मशीनचा) स्क्रीन दिसतो. एक्स घेतलात, एकुलतं एक कार्ड व्हीएमला दिलंत आणि एखाद्या अपडेटनंतर होस्ट बूटच झाला नाही, तर पडद्यावर काय चुकतंय ते दिसणारच नाही. शहरात शेजाऱ्याकडून कार्ड आणता येतं.

बायोसमध्ये एसव्हीएम आणि आयओएमयू दोन्ही चालू करा, पुष्कळ जण पहिलंच करतात. व्हीएमसाठी क्यू३५ मशीन, यूईएफआय फर्मवेअर, आणि विंडोज ११ मागतं तो टीपीएम २.० प्रॉक्समॉक्स आभासी देतं. डिस्क आणि नेटवर्कसाठी व्हर्टआयओचे ड्रायव्हर इन्स्टॉल करतानाच हाताशी ठेवा, नाहीतर विंडोजला डिस्क दिसत नाही.

रॅम मात्र वाढवा. पासथ्रूच्या व्हीएमला दिलेली रॅम पूर्ण अडकून राहते, ती इतरांना वाटून घेता येत नाही. १६ गेमला गेली की उरलेल्या १६ मध्ये झेडएफएस, तुमची कामाची मशीन आणि कॅमेरे. ओढाताण होईल. ६४ घ्या, नाहीतर निदान दोन स्लॉट मोकळे राहतील असं बघा.

कार्डाचं: जुन्या एएमडी कार्डांना व्हीएम बंद करून पुन्हा चालू केलं की रीसेट न होण्याचा आजार होता, पोलारिस, वेगा आणि ५००० मालिकेत जास्त. ६००० मालिकेत तो बराच कमी झाला आहे, तरी दुकानदाराकडून बदलून मिळण्याची बोली करून घ्या. एनव्हिडियाचा कोड ४३ चा (व्हीएममध्ये कार्ड न चालण्याचा) जुना त्रास २०२१ मध्ये ४६५ ड्रायव्हरपासून गेला, त्यामुळे तो पर्यायही उघडा आहे.

वायरमन_दर्यापूर

भाऊ, तुमी सगळे कार्डावर बोलून राहिले, लाइनीवर कोनीच नाई. मी घरोघरी वायरिंग करतो, म्हनून सांगतो.

पयले अर्थिंग पाहा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा कोरडा पडला का अर्थिंग नावालेच राह्यते. मार्च लागला का खड्ड्यात पानी टाकत जा. कॅबिनेटले हात लावला अन् झिनझिन लागलं, तं समजा अर्थिंग मेली.

दुसरं न्यूट्रल. डीपीवरचा नाईतं खांबावरचा न्यूट्रल तुटला का सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज चढू शकते. टीव्ही, फ्रीज, चार्जर येका झटक्यात जातात. साधा स्टॅबिलायझर इथं पुरत नाई. मीटरच्या पुढं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज हद्दीच्या बाहेर गेलं का ते लाइनच तोडते, अन् ठीक झाल्यावर थोडं थांबून जोडते. डीआयएन पट्टीवर बसते, लय जागा लागत नाई.

तिसरं, तुमचा इन्व्हर्टर. लाइन गेल्यावर पंखा घुरघुर करते का? करत असन तं तो स्क्वेअर वेव्ह. कंप्युटरले प्युअर साइन वेव्ह पाह्यजे. अन् मांगच्या बाजूले यूपीएस मोडचा खटका असते, तो त्या बाजूले ठेवजा.

सिताबर्डी_सीपीयू

वायरमन भाऊंचं म्हणणं लाखमोलाचं. त्यात भर घालतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये) अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि त्याला स्क्वेअर वेव्ह मानवत नाही, लाइन पलटली की मशीन बंद पडू शकतं. एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर त्याच्या आत पलटतो, साध्या मोडवर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो.

दुसरी अडचण म्हणजे घरगुती इन्व्हर्टर मशीनला काही सांगत नाही. यूएसबीवाला यूपीएस असेल तर नट नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर नीट बंद करतं. इन्व्हर्टरसाठी एक साधी युक्ती आहे. एखादा जुना राउटर इन्व्हर्टरवर न लावता थेट लाइनवर लावा, लॅनने जोडा, आणि मधला नेटवर्क स्विच इन्व्हर्टरवर ठेवा. सर्व्हर दर मिनिटाला त्या राउटरला पिंग करतो. ठराविक मिनिटं उत्तर आलं नाही म्हणजे लाइन गेली: आधी गेमचं व्हीएम बंद, मग लागलं तर सगळंच. छोट्या स्क्रिप्टचं काम आहे.

अचानक बंद पडलं तरी झेडएफएसची रचना सहसा मोडत नाही, कारण तो जुन्या जागी लिहीत नाही. शेवटच्या काही सेकंदांचं लिहिणं मात्र जातं. आणि व्हीएमच्या डिस्कला कॅशेचा ‘अनसेफ’ पर्याय कधीही देऊ नका, त्यात आतल्या विंडोजची फाइल सिस्टीम बिघडते.

दोनडबे

मी वेगळं मांडतो. मूळ प्रश्न प्रोसेसरचा नाही, वॅटचा आहे. दिवसरात्र काय जिवंत राहायला हवं? फोटो, कागद, कॅमेरे. यांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मग २४ तास ते मोठं धूड कशाला जागं ठेवायचं?

हिशोब मांडा. मोठा डबा रिकामा बसूनही कार्ड-डिस्कसकट ७० वॅट खातो असं धरू. महिन्याला ५० युनिट. आपल्याकडे घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटचा, एवढ्यानं कित्येक घरं दुसऱ्या टप्प्यात जातात. आणि ते ७० वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत राहतात. उलट इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा छोटा बोर्ड घ्या. प्रोसेसर ६ वॅटचा, दोन डिस्कसकट सगळं मिळून २५ वॅटच्या आसपास, महिन्याला १८ युनिट.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं जातं, हाती ७०० ते ७५० उरतात. त्यावर २५ वॅट दिवसभर आरामात निघतात. ७० वॅटवर दहा तास. गेम चालू असताना २५०-२६० वॅट ओढले तर तीन तासही नाही, आणि पंखे त्यातच. रात्री लाइन गेली आणि पुतण्या खेळत बसला, तर पहाटे आजीचा पंखा बंद.

पूर्णाकाठ

बॅटरीचं झालं, आता हवेचं. मी खारपाणपट्ट्यातला. इथल्या बोअरचं पाणी कूलरमध्ये टाकलं की महिनाभरात जाळीवर पांढरा थर चढतो. कूलरच्या थेट झोतात मशीन असेल तर तेच क्षार तुषारांबरोबर आत जातात, कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं दिसायला लागतं. दारव्ह्याकडे पाणी इतकं खारं नसेल, तरी झोत मशीनवर घेऊ नका. खोलीत गारवा असावा, मशीन बाजूला असावं, आणि खिडकी थोडी उघडी, नाहीतर कूलर नुसती दमट हवा फिरवतो.

कापसाचं कुणीच बोललं नाही! वेचणीपासून भाव येईपर्यंत कापूस आपल्या घरातच भरलेला असतो. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि पंख्याच्या जाळीवर अशी चादर धरतात की बोटानं उचलली तर अख्खी निघते. त्याआधी ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचं कुटार. ती धूळ टोकदार असते, हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. कॅबिनेट घेताना समोर आणि खाली काढून धुता येणारी जाळी आहे का ते बघा. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जाणार नाही. दिवाळी ते संक्रांत जाळी दर आठवड्याला झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, मोकळा फिरू देऊ नका.

तुमच्याकडे जुनी धाब्याची खोली आहे का?

काळीकसदार

आहे, मागच्या बाजूला. मातीच्या जाड भिंती, वर धाबं. मे महिन्यातही स्लॅबपेक्षा चांगलीच गार असते. पण वरून माती झडते.

पूर्णाकाठ

मग तीच खोली. वर ताडपत्री ताणून बांधा, मशीन जमिनीपासून हातभर उंच फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. उंदरांसाठी वायरी पाइपातून न्या. डिस्कचं तापमान स्मार्टमधून (डिस्क स्वतः ठेवते ती नोंद) बघत राहा. नवतप्यातही ५० च्या आत राहिलं तर काळजी नाही. ५० ओलांडायला लागलं तर दुपारी गेम बंद ठेवायचे.

सिताबर्डी_सीपीयू

दोनडबे यांचा हिशोब मला पटला, मीही माझं मत बदलतो. फक्त एन१०० घेताना सॅटा पोर्ट असलेला बोर्ड घ्या. मिनी पीसी घेऊन यूएसबीच्या डब्यातून झेडएफएस चालवू नका, केबल हलली तरी डिस्क गायब होते. डिस्क सीएमआर (पट्टे वेगवेगळे लिहिणाऱ्या) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवणारी) डिस्क मिररमध्ये बदलायची वेळ आली की पुन्हा भरायला फार वेळ लावते. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या काही रेड डिस्क एसएमआर निघाल्यावर याचा बराच गाजावाजा झाला होता. आता रेड प्लस आणि सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत. लॅपटॉपच्या मोठ्या २.५ इंची डिस्क बहुतेक एसएमआरच असतात.

मोठ्या डब्यावर प्रॉक्समॉक्स तसंच ठेवा. दिवसा तुमची कामाची व्हीएम, संध्याकाळी गेमचं, रात्री पूर्ण बंद. सकाळी वेक-ऑन-लॅननं छोटा डबाच त्याला उठवेल. मोठ्याचे बॅकअप छोट्यावर.

उन्हाची_शेती

सोलर लावायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, बिल खरंच उतरतं. पण साधा ऑन-ग्रिड संच लाइन गेली की स्वतःही बंद होतो, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जीवासाठी ते तसंच असायला हवं. लाइन नसताना सर्व्हर चालवायचा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, तो खर्च वेगळा. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

झाडीपट्टी

नेटचं राहिलं. गावात फायबर आलं तरी पत्ता बहुधा सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता) मागे असतो, त्यामुळे पोर्ट उघडून बाहेरून घरी पोचता येत नाही. टेलस्केल (बाहेरून घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं) टाका, नाहीतर कनेक्शनला आयपीव्ही६ मिळत असेल तर तसंच वायरगार्ड. पुण्याला गेलात तरी घरचा सातबारा उघडेल. राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस लावा.

गेम पुन्हा पुन्हा उतरवू नका. १०० जीबीचा गेम आपल्या नेटवर रात्रभर चालतो. २०२३ पासून स्टीम घरातल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर लॅननंच गेम पाठवतं. आणि माइनक्राफ्टचा सर्व्हर एन१०० वर कंटेनरमध्ये ठेवा, मोठा डबा बंद असला तरी पोट्टे खेळतील.

काळीकसदार

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरलं ते असं. छोटा डबा एन१०० चा, ४ टीबीच्या दोन सीएमआर डिस्क त्यातच, २४ तास चालू. मोठा डबा ५७००जी, ६४ जीबी, आरएक्स ६६००, फक्त एनव्हीएमई. दोन्ही धाब्याच्या खोलीत. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, मीटरपुढे प्रोटेक्टर, अर्थिंग नवं. लाइन गेली की दहा मिनिटांत गेमचं व्हीएम बंद, हे पुतण्याला आजच सांगितलंय. फोटो आणि कागदांची तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर अमरावतीला मामांकडे, दर सणाला बदलायची. इन्व्हर्टर आणि अर्थिंगचा खर्च आधी, ग्राफिक्स कार्ड त्यानंतर.

दोन शंका उरल्या. गोठ्यावरचा कॅमेरा घरापासून लांब आहे, लॅन केबल बाहेरून जाते. आणि टीव्ही पुढच्या स्लॅबच्या खोलीत, तिथे सनशाइन-मूनलाइटनं (गेमचं चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या पडद्यावर पाठवणारं सॉफ्टवेअर) गेम दाखवायचा तर वायफाय पोचेल का?

वायरमन_दर्यापूर

बाह्यरून तांब्याची केबल नका नेऊ भाऊ. जवळ वीज पडली का त्याच केबलीतून घरात येते, कॅमेरा, स्विच, सर्व्हर सगळं घेऊन जाते. घर ते गोठा फायबर टाका, दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर. फायबरीतून वीज वाहत नाई. फायबर बिना लोखंडी ताराची मागजा, काहीत मजबुतीसाठी तार असते.

सिताबर्डी_सीपीयू

मातीच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम पोचतं. टीव्हीपर्यंत कॅट ६ केबलच ओढा. १०८०पी, ६० फ्रेमला २० एमबीपीएस पुरतात, वेग नव्हे तर सलगपणा महत्त्वाचा. मूनलाइटमध्ये व्हिडिओ दाबायची पद्धत एचईव्हीसी निवडा, एएमडीचं एच.२६४ कमी बिटरेटला धूसर दिसतं. आणि कार्डाला मॉनिटर जोडलेला नसेल तर विंडोजला पडदाच सापडत नाही, सनशाइन काळं दाखवतं. एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडल्याचा भास करणारा) कार्डासोबतच मागवा, दारव्ह्यात मिळणार नाही.

काळीकसदार

डमी प्लग यादीत टाकला. बोर्ड आला की आयओएमयूचे गट आणि दोन्ही डब्यांचे मीटरवर मोजलेले वॅट इथेच टाकतो.